आर्क्टिक कॅटची नवी डोंगरी स्लेड: कॅटॅलिस्ट ८५८ कुणी चालवली आहे का?

सह्यकन्या_कॅल्गरी

नमस्कार मंडळी. बर्फावरच्या गाड्यांचा धागा इथे क्वचितच निघतो. पण अल्बर्टा, ब्रिटिश कोलंबिया, कोलोरॅडो, युटा इथली आपली बरीच मंडळी हिवाळ्यात डोंगरात स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल) घेऊन जातात हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आर्क्टिक कॅट या कंपनीने कॅटॅलिस्ट नावाची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, पूर्ण नव्याने घडवली. २०२४ च्या मॉडेलवर्षात ती ६०० सीसी इंजिनासह आली आणि २०२५ ला तिच्यात ८५८ सीसीचं बसवलं. आमच्या गटातल्या एकाने १५४ इंची ट्रॅकची ८५८ घेतली. गोल्डनजवळच्या क्वार्ट्झ क्रीकला त्याने ती अर्धा दिवस माझ्या हातात दिली. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

माझं वजन ५२ किलो, उंची पाच फूट एक इंच. डोंगरी स्लेडवर आतापर्यंत मी जे काही केलं ते जोर लावून केलं. दाट झाडीत वळण घ्यायचं तर मशीन आधी एका कुशीवर आणावं लागतं. त्यासाठी मी हँडल ओढायची, सगळं अंग बाहेर टाकायची, आणि दुपारी दोनपर्यंत खांद्यात गोळे यायचे. सोबतचे पुरुष सांगायचे, ‘जोर नको, तंत्र वापर.’ तंत्र शिकले, शिबिरं केली. तरीही दोनशे किलोच्या आसपासचं मशीन आणि ५२ किलोची मी, हे गणित काही सुटत नव्हतं.

या मशीनवर पहिल्याच उतारावर उभी राहिले, हँडल उताराच्या बाजूला किंचित वळवलं, वरच्या बाजूच्या, पाय ठेवायच्या बोर्डावर पाय दाबला आणि थ्रॉटलला जरासा स्पर्श केला. मशीन कुशीवर आलं आणि तिथेच राहिलं. ओढाताण नाही. डोंगराच्या अंगाने आडवी जात राहिले, आणि पहिल्यांदाच पुढच्या झाडांकडे बघायला सवड मिळाली. एरवी माझं सगळं लक्ष हँडल धरून ठेवण्यात असतं.

अंगाने मशीन बरंच अरुंद झालं आहे. गुडघ्यांच्या मध्ये प्लास्टिकचा फुगवटा येत नाही, त्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पाय टाकताना काही अडकत नाही. वजन चालकाच्या पायांखाली गोळा झाल्यासारखं वाटतं. स्कीच्या टोकाशी काही जड लटकतंय असं वाटत नाही.

आता प्रश्न. माझ्याकडे सध्या दुसऱ्या कंपनीची पाच हिवाळे जुनी, दोन रेलची स्लेड आहे. ती विकून ही घ्यावी का? ज्यांनी चालवली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. आणि कंपनीचं पुढे काय होणार हा प्रश्न मलाही पडतो, त्यावरही लिहा.

दोनस्ट्रोक

ताई, सुंदर लिहिलंत. मी सॉल्ट लेक सिटीला असतो. मेकॅनिकल इंजिनियर आहे आणि हिवाळ्यातला प्रत्येक रविवार युइंटा डोंगरांत जातो. तुम्हाला जो हलकेपणा जाणवला त्याचं कारण सांगतो, कारण ते कळलं की विकत घ्यायचा निर्णय सोपा होईल.

नेहमीच्या स्लेडच्या ट्रॅकच्या आत दोन समांतर रेल असतात. ट्रॅक त्यांच्यावरून घसरत फिरतो. आपला जेवायचा पाट आठवा: खाली दोन आडव्या पट्ट्या. त्यावर उभं राहून तो कलंडवायचा तर आधी सगळा भार एका पट्टीच्या पलीकडे न्यावा लागतो. तीच एक पट्टी मधोमध असती तर पाय जरा सरकवला की पाट कलला असता. कॅटॅलिस्टखालच्या ‘अल्फा वन’ नावाच्या सस्पेन्शनमध्ये हेच केलं आहे. दोन रेल काढून मधोमध एकच तुळई दिली. ट्रॅकच्या दोन्ही कडांना खालून आधार नसल्याने त्या वर वाकू शकतात. मशीन कलायला लागणारा जोर कमी होतो आणि उताराला आडवं जाताना ट्रॅक बर्फाला धरून वाकतो.

ही कल्पना कॅटॅलिस्टबरोबर आलेली नाही, अल्फा वन २०१९ च्या मॉडेलवर्षापासून आहे. तेव्हा ती असेंडर या जुन्या चासीखाली होती. फरक असा की त्या चासीचा वरचा भाग दोन रेलच्या काळातला होता. आता वरचं अंग आणि खालची तुळई एकमेकांसाठी घडवली आहेत. म्हणून मी याला ‘नवी गाडी’ म्हणतो. दरवर्षी स्टिकर बदलून नवं म्हणून विकतात, हे तसलं नाही.

दुसरा मोठा बदल म्हणजे चेनकेस (ट्रॅककडे शक्ती नेणाऱ्या चेनची पेटी) गेला आणि त्या जागी दातेरी बेल्ट आला. पोलारिस या दुसऱ्या कंपनीने क्विकड्राइव्ह नावाने तो २०१३ च्या प्रो आरएमके या डोंगरी मॉडेलवर दिला होता, म्हणजे डोंगरात बेल्ट नवा नाही. पण आर्क्टिक कॅटने नव्या चासीची आखणीच बेल्ट धरून केली. चेनकेसमध्ये तेल असतं, जड चेन असते, लोखंडी दातेरी चकत्या असतात, ती चेन ताणून धरणारा भाग असतो. हे सगळं फिरवायला इंजिनाची ताकद खर्च होते. बेल्ट हलका, तेल नाही, भाग कमी. थ्रॉटल दाबल्यावर ट्रॅक चटकन जागा होतो त्यात याचा वाटा आहे.

दुसरी बाजूही सांगतो. पक्क्या, गोठलेल्या वाटेवर एका रेलचं मशीन कुशीला डोलतं. रचनाच तशी आहे. पार्किंगपासून मोकळ्या बर्फापर्यंत तुमची वाट पंधरा-वीस किलोमीटर खाचखळग्यांची असेल, तर दोन रेल जास्त स्थिर वाटतील.

भटक्या_पुणे

मंडळी, माझा या विषयातला अनुभव म्हणजे गुलमर्गला भाड्याच्या स्नो स्कूटरवर मागे बसून मारलेली एक फेरी. पण धागा अधाशासारखा वाचतोय. दोन बाळबोध प्रश्न: (१) या गाड्यांना स्कूटरसारखा सीव्हीटीचा बेल्ट असतोच ना? मग ‘बेल्ट आला’ म्हणजे काय? (२) चेनकेस गेला तर मागे कसं जाता येतं? गुलमर्गचा चालक बटण दाबून गाडी मागे घेत होता.

दोनस्ट्रोक

प्रश्न अगदी नेमके आहेत.

(१) दोन वेगळे बेल्ट. इंजिनाच्या दांड्यावर एक क्लच असतो, त्याच्याशेजारी दुसरा. त्या दोघांमध्ये रुंद, व्ही आकाराचा रबरी बेल्ट फिरतो. हा सीव्हीटीचा बेल्ट, आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तोच प्रकार. तो सगळ्याच स्लेडना असतो, झिजतो, आणि प्रत्येक शहाणा माणूस डोंगरात त्याचा जोड बरोबर ठेवतो. दुसऱ्या क्लचपासून ट्रॅक फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत शक्ती खाली न्यायची असते. हे काम पूर्वी तेलातली चेन करायची, आता दातेरी बेल्ट करतो. हा घसरत नाही, दातांत बसलेला असतो.

याची एक अडचण आहे. चेनकेसमध्ये छोटी-मोठी चकती बदलून गिअरिंग बदलणं स्वस्तात होतं. बेल्टच्या बाबतीत चकत्यांचा आणि बेल्टचा जुळणारा संच लागतो. आणि ताण नीट पाहावा लागतो. माझ्या आधीच्या स्लेडवर, कंपनीचं नाव घेत नाही, असाच दातेरी बेल्ट ऐन दरीत तुटला होता. मित्राने दोरीने ओढत वर आणलं, अंधार पडला होता. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला झाकण काढून दातांच्या मुळाशी तडे आहेत का हे बॅटरी लावून बघतो. दहा मिनिटांचं काम आहे, सर्वांनी करावं.

(२) टू-स्ट्रोक इंजिन उलटं फिरू शकतं. बटण दाबलं की संगणक इंजिनाचा वेग जवळजवळ शून्यावर आणतो आणि नेमक्या क्षणी ठिणगी देऊन त्याला उलट दिशेने ढकलतो. सगळं इंजिनच उलटं फिरू लागतं आणि गाडी मागे जाते. वेगळा रिव्हर्स गिअर लागत नाही, तेवढं वजन वाचतं.

डेन्व्हरकर

मी वेगळं मत मांडतो. ताई, तुम्ही ब्रिटिश कोलंबियात चालवता. आम्ही कोलोरॅडोत रॅबिट इअर्स पासला गाडी उतरवतो तीच ९,४०० फुटांवर. तिथून पुढे दहा-अकरा हजारांपर्यंत जातो. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. ८५० वर्गातलं इंजिन समुद्रसपाटीला १६५ अश्वशक्तीच्या घरात असतं. दहा हजार फुटांवर त्यातली ११५ च्या आसपास उरते. हे कागदावरचं गणित खरं, पण छातीएवढ्या पावडरमध्ये चढ चढताना ते मनगटाला कळतं.

स्की-डू या स्पर्धक ब्रँडने २०२० च्या मॉडेलवर्षात ८५० टर्बो आणली. कारखान्यातून टर्बो लावून आलेलं ते पहिलं टू-स्ट्रोक स्लेड इंजिन. ८,००० फुटांपर्यंत १६५ अश्वशक्ती टिकवायचं. पुढे २०२३ च्या टर्बो आरने तो आकडा १८० वर नेला. पोलारिसने २०२२ ला पॅट्रियट बूस्ट हे टर्बो इंजिन दिलं. मी स्वतः स्की-डूची टर्बोवाली समिट चालवतो. आर्क्टिक कॅटने चासी कितीही सुरेख केली तरी या उंचीवर ८५८ ला टर्बोची बरोबरी करता येणार नाही, आणि आमच्याकडे शक्ती कमी म्हणजे अडकणं जास्त. अडकलं की फावडं, आणि दहा हजार फुटांवर फावडं मारणं काय असतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

एका रेलचा हलकेपणा मला मान्य आहे. पण तो शक्तीची जागा घेऊ शकत नाही.

हिमवाट

डेन्व्हरकर, तुमच्या उंचीसाठी तुमचं बरोबर आहे. पण इकडे ब्रिटिश कोलंबियातलं रेव्हलस्टोक गाव पाचशे मीटरलाही पोचत नाही, आणि आम्ही जिथे चालवतो ते बहुतेक पाच ते सात हजार फूट. तिथे साध्या ८५८ कडे १३५ अश्वशक्तीच्या आसपास उरते. झाडीत त्याहून जास्त मी कधी वापरूच शकलो नाही. टर्बोचं वजन, त्याची किंमत, आणि दाब चढताना अचानक येणारा झटका दोन झाडांमधल्या सहा फुटांच्या फटीत मला नको वाटतो. कुठल्या डोंगरात चालवता यावर मशीन ठरतं. अमेरिकन चाचण्या वाचून कॅनडात स्लेड घेणाऱ्यांना मी हेच सांगत असतो.

मिनेसोटा_माळी

कंपनीबद्दल लिहितो, कारण मी मिनियापोलिसला आहे आणि इकडे हा विषय घरोघरी निघाला.

एडगर हेटीन हे नाव डोंगरी चालकांनी लक्षात ठेवावं असं आहे. मिनेसोटातल्या रोझो या छोट्या गावात पोलारिस सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. १९६० मध्ये बर्फगाडी खरंच टिकते हे दाखवण्यासाठी त्यांनी अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत मोठा प्रवास केला. त्याच सुमारास पोलारिस सोडून ते जवळच्याच थीफ रिव्हर फॉल्सला गेले आणि तिथे जे सुरू केलं त्याचीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे एकाच माणसाचा हात दोन्ही घराण्यांच्या मुळाशी आहे, आणि दोन्ही गावं एकमेकांपासून तास-सव्वा तासावर.

२०१७ मध्ये टेक्स्ट्रॉन या कंपनीने आर्क्टिक कॅट विकत घेतली. २०२३ च्या जूनमध्ये यामाहाने स्नोमोबाइलमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. मग २०२४ च्या अखेरीस टेक्स्ट्रॉनने थीफ रिव्हर फॉल्सचं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. कॅटॅलिस्ट ८५८ बाजारात येते न येते तोच हे घडलं. हजारोंनी न विकलेल्या गाड्या सगळ्याच कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे पडून होत्या, बर्फ कमी पडलेले हिवाळे आणि वाढलेले व्याजदर यांनी गिऱ्हाईक आटलं होतं. पण त्या गावासाठी कारखाना म्हणजेच रोजगार.

२०२५ च्या वसंतात आर्गो कंपनीचे प्रमुख ब्रॅड डार्लिंग यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने आर्क्टिक कॅट घेतली. त्यांनी पूर्वी आर्क्टिक कॅटमध्ये काम केलेलं आहे. कारखाना पुन्हा सुरू झाला.

सुटे भाग मिळतील का, या प्रश्नाचं माझं उत्तर ‘हो’ असं आहे. इतक्या वर्षांच्या गाड्या बर्फावर आहेत, त्यांचा बाजार मोठा आहे. पण घेण्याआधी एक करा: तुमच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत आर्क्टिक कॅटचा विक्रेता टिकून आहे का, आणि त्याच्याकडे कॅटॅलिस्टवर हात बसलेला मेकॅनिक आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. हंगामाच्या मध्यावर गाडी तीन आठवडे दुकानात उभी राहिली तर चासी कितीही चांगली असली तरी काय उपयोग?

आणि मनातलं सांगतो. जे मशीन बनवताना कारखान्याच्या डोक्यावर कुलुपाची टांगती तलवार होती, ते इतकं विचारपूर्वक बनलेलं आहे हे पाहून त्या गावातल्या कामगारांबद्दल मला फार आदर वाटतो.

निवृत्त_फौजी_सातारा

मुलाने धाग्याचा दुवा पाठवला. मी पायदळात होतो आणि सियाचिनला राहून आलो आहे. आमच्याकडे स्नो स्कूटर सामान ओढायला होत्या. मागे स्लेज बांधायची, त्यावर केरोसीनचे जेरीकॅन, शिधा, कधी आजारी जवान. तळछावणीच बारा हजार फुटांवर, ठाणी त्याच्या कितीतरी वर. डेन्व्हरकरांनी दिलेला हिशेब लावला तर अठरा हजारांवर इंजिन जवळजवळ निम्मं होतं. ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी इंजिन चालू करणं हेच मोठं काम असायचं.

आमच्या गाड्यांना कुशीवर आणायचा प्रश्नच नव्हता. आखलेल्या वाटेवरून, दोरीने बांधलेल्या माणसांनी तपासलेल्या वाटेवरूनच जायचं, कारण बाजूला बर्फाखाली भेगा. त्यामुळे तुम्ही पोरं डोंगराच्या अंगाने आडवं जाता हे वाचून काळजी वाटते आणि कौतुकही वाटतं. सह्यकन्या, बेटा, गाडी कोणतीही घे, पण एकटी जाऊ नकोस. बर्फात सोबतीला पर्याय नाही.

बीकन_आधी

काकांनी लिहिलेलं सगळ्यांनी दोनदा वाचावं, म्हणून त्याच धाग्याने पुढे लिहितो.

मी ब्रिटिश कोलंबियात शोध-बचाव पथकात स्वयंसेवक आहे. नव्या स्लेडबद्दल माझी एक काळजी आहे आणि ती कोणत्याही एका कंपनीपुरती नाही. पूर्वी एखाद्या उंच कडेवर पोचायला पाच-सात वर्षांचा सराव लागायचा. त्या काळात माणूस हिमस्खलनाबद्दल काही ना काही शिकायचा, जुन्या लोकांबरोबर फिरून डोळा तयार व्हायचा. आता मशीन इतकं सोपं झालं आहे की दुसऱ्या हिवाळ्यातला चालक तिथे पोचतो. हात तयार झालेले असतात, डोळा तयार झालेला नसतो. तीस अंशांच्या वरचा उतार ओळखता येत नाही, वाऱ्याने रचलेली बर्फाची फळी ओळखता येत नाही.

१३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर काय झालं ते इकडचे लोक विसरलेले नाहीत. चालकांचा मेळावा होता, बरीच मंडळी उताराच्या पायथ्याशी उभी होती, वरून हिमस्खलन आलं. दोघे गेले, तीसच्या आसपास जखमी झाले. तेव्हापासून आम्ही घसा फोडून सांगतो: उतारावर एका वेळी एकच जण. बाकीच्यांनी हिमस्खलन जिथवर धावत येईल त्याच्या बाहेर, एकमेकांपासून अंतर ठेवून, मशीनचं तोंड बाहेरच्या बाजूला करून थांबायचं. वर कुणी अडकला तर त्याला मदत करायला दुसऱ्याने वर जायचं नाही. सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम हाच, कारण मित्र अडकलेला बघवत नाही.

बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं यंत्र) अंगावर, स्लेडच्या पिशवीत नाही. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) पाठीवर. मोबाइल, गरम हातमोजे, कॅमेरा हे बीकनपासून किमान २० सेंटिमीटर दूर, शोधताना ५० सेंटिमीटर दूर, नाहीतर सिग्नल बिघडतो. गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कोसळते. हेलिकॉप्टर तोवर येत नाही. वाचवणार ते तुमच्यासोबतचेच लोक.

सह्यकन्या, तुम्ही लिहिलंत की पहिल्यांदाच पुढच्या झाडांकडे बघायला सवड मिळाली. नव्या मशीनची ही सर्वांत मोलाची देणगी आहे. वाचलेलं लक्ष वरच्या उताराकडे द्या.

सह्यकन्या_कॅल्गरी

फौजीकाका, तुमचा प्रतिसाद वाचून खूप बरं वाटलं. एकटी कधीच जात नाही, वचन देते.

बीकन_आधी, हिमस्खलनाचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम केला आहे, दुसरा या डिसेंबरात करायचा ठरवते. निघायच्या आदल्या रात्री अवलांच कॅनडाचं हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक आमचा गट एकत्र वाचतो. आणि रेव्हलस्टोकच्या बाजूला कॅरिबूसाठी बंद केलेले भाग आहेत, नकाशा बदलत असतो, तोही दर वेळी बघतो. नवीन मंडळींनी हेही लक्षात ठेवावं. ती हरणं मोजकीच उरली आहेत, आणि ऐन हिवाळ्यात त्यांना पळवणं म्हणजे त्यांचा जीव घेण्यासारखंच.

जुना_गडी

मी दोन रेलचाच माणूस. पोलारिसची मॅट्रिक्स आरएमके २०२२ पासून चालवतो आणि बदलणार नाही. धाग्यावर सगळे एका रेलच्या बाजूने झुकलेत म्हणून लिहितो.

मला मशीनने थोडा विरोध केलेला आवडतो. दोन रेलचं मशीन एकदा कडेवर बसलं की तिथे एक ठाम जागा सापडते, हाताला कळते. एका रेलवर, मी मित्राची थोडी चालवली आहे, तो काठ मला सापडत नाही, मशीन सतत तरंगत राहतं. वसंतातल्या कडक बर्फावर आडवं जाताना मला ठाम काठ हवा. माझं वजन ९५ किलो आहे, मला कलवायला जोर लागत नाही, त्यामुळे जो प्रश्न या रचनेने सोडवला तो माझा नव्हताच.

रेनियरची_लेक

जुना_गडी यांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. डोंगरी स्लेड आजवर नव्वद किलोच्या माणसाला समोर ठेवून बनवत आले. चाचणी घेणारे तेवढ्याच वजनाचे, त्यावर लिहिणारेही तेवढ्याच वजनाचे. मग ‘हँडलिंग जड आहे’ हे कुणी लिहायचं? सिअॅटलच्या बाजूला आमचा बायकांचा गट आहे. त्यात ज्यांनी अल्फा वन वापरलं त्यांतल्या बहुतेकींनी सह्यकन्यासारखंच सांगितलं. अश्वशक्तीच्या चढाओढीने आम्हाला काही दिलं नाही, या बदलाने दिलं.

पण ताई, मशीन घेऊन तसंच चालवू नका. थोडं अंगाला बसवून घ्यावं लागतं. दुकानातून येणारी स्प्रिंग आणि शॉक जड चालकासाठी धरलेले असतात. तुमच्या वजनाला मागचं सस्पेन्शन बसणारच नाही, पाठीत दणके बसतील आणि ट्रॅकची पकडही पूर्ण मिळणार नाही. हलक्या स्प्रिंग आधी लावून घ्या. हँडलबारचा रायझर, म्हणजे तो उंच करणारा तुकडा, सहसा उंच माणसासाठी असतो. तो इतका कमी करा की उभं राहिल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहील, खांदा वर उचलला जाणार नाही. तुमचे खांदे दुखतात त्यातलं निम्मं कारण हे असू शकतं. ब्रेकचा लिव्हर बोटांच्या आवाक्यात आणा.

आणि ट्रॅकची लांबी. १६५ इंची लांब ट्रॅक तरंगतो छान, चढतो छान, पण झाडीत वळवायला जागा मागतो. तुमच्या वजनाला एवढ्या तरंगाची गरज नाही. १५४ सुद्धा तुम्हाला भरपूर आहे. मी ५८ किलोची आहे आणि १४६ वर सुखात आहे.

सह्यकन्या_कॅल्गरी

हे मला आजवर एकाही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

एक शंका. चढावर त्या ८५८ च्या स्की जरा जास्तच वर उचलल्या जात होत्या. मजा वाटली, पण अरुंद जागी दिशा देता येईना. हे माझ्या वजनामुळे का? १४६ घेतला तर हे वाढेल ना?

दोनस्ट्रोक

ट्रॅक आखूड झाला की स्की थोड्या जास्त उचलतात, हे खरं. पण उपाय सोपा आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या हाताला एक पट्टा असतो, लिमिटर स्ट्रॅप. तो एक छिद्र आखूड केला की सस्पेन्शनचं पुढचं टोक वर ओढलं जातं, स्कीवर भार येतो आणि त्या जमिनीला राहतात. फार आखूड केला तर उलट होतं: स्की बर्फात खुपसल्या जातात, स्टिअरिंग जड होतं आणि तुमचा सगळा हलकेपणा जातो. म्हणून एका वेळी एकच छिद्र, मग त्याच उतारावर पुन्हा चालवून बघायचं.

तुमच्या मित्राने बहुधा स्वतःच्या वजनाला बसवलेलं असणार, ते तुमच्या अंदाजाला धरू नका. तो तयार असेल तर पुढच्या वेळी त्याच मशीनवर पट्टा एक छिद्र आत घ्या, मागच्या स्प्रिंगचा ताण पूर्ण सैल करा आणि मग ठरवा.

रेनियरची_लेक

आणि शक्य झालं तर १४६ पण मागून चालवून बघा. मार्चच्या शेवटी आमचा गट रेव्हलस्टोकला येतोय, माझी १४६ आहेच, स्प्रिंगसुद्धा हलक्या लावलेल्या आहेत. यायचं तर मला व्यक्तिगत निरोप करा. बीकन, फावडं, प्रोब घेऊन या, सकाळी निघण्याआधी सगळ्यांची तपासणी होते.

बीकन_आधी

त्या दिवशी मीही रेव्हलस्टोकला आहे. तपासणी मी घेतो.